घारीची जात कोणी ठरवली?



पक्ष्यांवरची जुनी इंग्रजी पुस्तके उघडा. आपल्याकडे रोज दिसणाऱ्या दोन घारींची नावे त्यांत सापडतील. एक अंगाने तांबूस, डोके आणि छाती पांढरीशुभ्र. तिचे नाव ‘ब्राह्मणी काइट’. दुसरी मळकट तपकिरी, शेपटीला खाच असलेली, गावाच्या उकिरड्यावर आणि शहराच्या कचरा डेपोवर घिरट्या घालणारी. तिचे नाव ‘पॅरिया काइट’. पॅरिया हा शब्द तमिळनाडूतील परैयर या अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या जातीच्या नावावरून इंग्रजीत गेला. म्हणजे साहेबाने आपल्या आकाशाकडे पाहिले, तेव्हा इथल्या व्यवस्थेने त्याच्या हातात दिलेला चष्मा घालूनच पाहिले. वर उडणाऱ्या पाखरालाही त्याने वर्ण चिकटवला.

आता ब्राह्मणी घार खाते काय ते पाहा. बंदरावर, खाडीवर ती मेलेले मासे आणि खेकडे उचलते. कोळणींनी फेकलेल्या घाणीवर झडप घालते. काम दोघींचे सारखेच: मेलेले आणि टाकलेले खाऊन जागा साफ करणे. पण एकीचा रंग देखणा आणि तिला विष्णूचे वाहन ठरवणारी कथा पाठीशी, म्हणून ती ब्राह्मणी. दुसरीच्या पाठीशी कथा नाही, म्हणून ती पॅरिया. काम सारखे असूनही दर्जा जन्माने ठरतो, हा नियम आपण ओळखतोच. आज पुस्तकांत ‘पॅरिया काइट’ जाऊन ‘ब्लॅक काइट’ आले आहे. ‘ब्राह्मणी’ मात्र जागच्या जागी आहे, आणि मराठी पुस्तकांनीही ‘ब्राह्मणी घार’ हे नाव निमूटपणे उचलले आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, आमच्या अभ्यास केंद्रातील काही जणांनी गेले वर्षभर एक साधे मराठी ॲप बनवले. वन्यजीवांचे काम करणाऱ्या स्वयंसेवकांना साप, पक्षी, प्राणी ओळखायला शिकवणारे. त्यावर आपल्याच माणसांकडून आणि निसर्गप्रेमी मंडळींकडूनही प्रश्न आले. काही प्रामाणिक, काही कुत्सित. त्या सगळ्यांना हे जाहीर उत्तर.

आधी सुरुवात कुठून झाली ते सांगतो. आमचे दोन कार्यकर्ते एका निसर्ग शिबिराला गेले होते. हातात दिलेली पुस्तिका पूर्ण इंग्रजीत. तळ्यावर एक पक्षी दिसला तेव्हा आमच्यातल्या एकाने त्याच्या आजीच्या तोंडचे नाव सांगितले. मार्गदर्शक हसले आणि म्हणाले, “ते गावठी नाव झालं, खरं नाव सांगा.” सगळे हसले. पोरगा दोन दिवस गप्प राहिला. ज्या आजीने आयुष्यभर त्या तळ्याच्या काठावर धान लावले, तिने ठेवलेले नाव खोटे आणि दुर्बीण घेऊन शनिवार-रविवारी येणाऱ्याचे नाव खरे, हा निवाडा कोणत्या शास्त्रात बसतो? जीवशास्त्रात नक्कीच नाही. लॅटिन नाव जगभराच्या सोयीसाठी असते, हे आम्हाला मान्य आहे आणि ते आम्ही शिकतोही. पण ‘खरे’ आणि ‘गावठी’ ही वाटणी जीवशास्त्राची नाही, तिचे शास्त्र वेगळे आहे. ते शास्त्र आपण १९२७ साली महाडला जाळले.

पहिला आक्षेप आपल्या चळवळीतला. “रोज अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, सरकारी नोकऱ्या कंत्राटात गेल्या आहेत, आणि तुम्ही पाखरे मोजता? हे पोट भरलेल्यांचे चोचले.”

या साथींना आम्ही एकच विचारतो: साप कोणाला चावतो?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला गेला. ही माणसे कोण? बांधावर अनवाणी चालणारी, पहाटे गवत कापणारी, वीटभट्टीच्या आणि ऊसतोडीच्या पालात जमिनीवर झोपणारी. मण्यार रात्री फिरते. पलंगावर, मच्छरदाणीत झोपलेल्याला ती सहसा चावत नाही. जमिनीवर अंथरूण टाकलेल्याला चावते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात काहीतरी खाण्यात आले असेल, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत श्वास थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. दुर्लक्षित कोण, आजार की आजारी माणूस, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक पाहा. कवड्या बिनविषारी. दोन्ही काळसर, दोन्हींवर पांढरे पट्टे. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. एवढे एक वाक्य वस्तीतल्या दहा पोरांना पक्के माहीत असणे म्हणजे चोचले का? ज्या वस्तीत हे वाक्य पोचलेले नाही, तिथे कवड्या समजून मण्यारीला काठीने उचलणारा पोरगा आपलाच असतो.

आणि जे औषध टोचून माणूस वाचतो, त्यामागे कोणाचे ज्ञान आहे? आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. ते विष देशाला मोठ्या प्रमाणावर पुरवते तमिळनाडूतील इरुला आदिवासींची सहकारी संस्था. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाला आणि इरुलांचे पोट बुडाले. १९७८ साली ही संस्था उभी राहिली आणि त्याच हातांनी विष काढायला सुरुवात केली. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुला सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. ज्यांना ‘साप धरणारे’ म्हणून हिणवले, त्यांच्या बोटांवर या देशाची वैद्यकीय व्यवस्था उभी आहे. हा आपल्या अभ्यासवर्गाचा विषय नसेल तर मग कोणाचा?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आमच्या आतूनही आला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले, “आपल्या बापजाद्यांना गिधाडे ओळखू यायची, कारण मेलेली गुरे ओढण्याचे काम त्यांच्या माथी मारले होते. ते ज्ञान म्हणून तुम्ही पुन्हा डोक्यावर घेणार? बाबासाहेबांनी महाडला जे सोडायला सांगितले, तेच तुम्ही ॲपमध्ये घालून परत आणणार?”

या प्रश्नासमोर आम्ही बरेच दिवस थांबलो. उत्तर असे. आपण सोडली ती सक्ती. मेलेले ढोर ओढणे, मृतमांस खाणे, त्याबदल्यात बलुत्याची भाकर मागणे हे आपण टाकले आणि ते कोणत्याही ‘पारंपरिक ज्ञाना’च्या नावाने परत घेणार नाही. जातीच्या कामाला ‘वारसा’ म्हणून गोंजारणाऱ्यांपासून सावध राहायलाच हवे. तेच लोक उद्या सांगतील की तुमच्या रक्तातच आहे, तुम्हीच करा. ज्ञान रक्तात नसते. ते पाहण्यातून, विचारण्यातून, चुकण्यातून येते, म्हणून ते कोणालाही शिकता येते. नेमके हेच जात नाकारते आणि नेमके हेच आमचे ॲप म्हणते.

पण आपल्या माणसांनी जे पाहिले ते पाहिलेलेच नव्हते, असे आपण का म्हणावे? गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागेवरून गिधाडे नाहीशी होताना सगळ्यात आधी कोणाला दिसली असतील? तिथे काम करणाऱ्यांनाच. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे शास्त्रज्ञांनी नंतर सिद्ध केले. २००६ साली भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. तोवर गिधाडांचे थवेच्या थवे संपले होते. ज्यांनी ते रोज पाहिले त्यांना कोणी विचारले नाही, कारण त्यांचे पाहणे हे ‘निरीक्षण’ मानलेच गेले नव्हते. आम्हाला त्या जागेवर परत जायचे नाही. पाहणाऱ्याचा साक्षीदार म्हणून जो हक्क असतो, तो मात्र हवा आहे.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमी मंडळींचा. “फोटो काढला की नाव सांगणारी ॲप आधीच आहेत. तुम्ही नवे काय करताय?”

तुम्ही म्हणता ती ॲप चांगली आहेत, आम्हीही वापरतो. पण तिथे नाव यंत्राला कळते, माणूस आहे तिथेच राहतो. जंगलात नेटवर्क नसते. सापाचा स्पष्ट फोटो काढायला जवळ जावे लागते, आणि जवळ जाणे हाच तर धोका. शिवाय ज्याला स्वतःला ओळखता येत नाही, तो वनविभागाच्या गणनेत कायम दुसऱ्याच्या मागे पाण्याचा कॅन घेऊन चालतो. गणना, गाइडचे काम, वनरक्षक म्हणून जंगलातली नोकरी, या सगळ्यात जातिप्रजातींची ओळख हे भांडवल आहे. भांडवल ज्याच्या डोक्यात, त्याचा आवाज मोठा. आम्हाला तो आवाज आपल्या पोरापोरींच्या गळ्यात हवा आहे.

म्हणून आम्ही बनवले ते इतके साधे आहे की संगणक शिकलेली कोणतीही पोर दोन-तीन महिन्यांत उभे करू शकेल. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नाव आणि ओळखण्याची खूण. बरोबर आले की ते कार्ड पुढच्या खणात जाते आणि काही दिवसांनी परत समोर येते. चुकले की पहिल्या खणात येते आणि उद्याच विचारले जाते. खणांची ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात पुठ्ठ्याच्या डब्यासाठी सांगितली होती. आम्ही डब्याच्या जागी मोबाइल ठेवला. एकदा उतरवून घेतले की ते नेटवर्कशिवाय चालते, जुन्या फोनवरही. पहिल्या टप्प्यात ६० कार्डे आहेत: २० साप, ३० पक्षी, १० सस्तन प्राणी. फोटो काही आमचे, काही मुक्त परवान्याचे, काढणाऱ्याचे नाव देऊन.

आमच्या चुकाही सांगतो, कारण पुढे कोणी असे काही करेल तर त्याच चुका करू नयेत. पहिल्या आवृत्तीत आम्ही सुंदर, स्वच्छ फोटो घातले. पोरांना घरी ६० पैकी ५५ यायचे आणि तळ्यावर गेल्यावर दहाही यायचे नाहीत. कारण खरा पक्षी पाठमोरा असतो, उन्हाविरुद्ध असतो, अर्धा गवतात असतो. मग आम्ही मुद्दाम वाईट फोटो घातले. दुसरी चूक अशी की आम्ही गुणांची क्रमवारी लावली. पहिला कोण, शेवटचा कोण. पंधरा दिवसांत वस्तीतल्या बायकांनी ॲप उघडणे बंद केले. आम्ही ‘मेरिट’च्या नावाने आयुष्यभर मार खाल्लेली माणसे, आणि आमच्याच हाताने आम्ही मेरिट लिस्ट लावली होती. ती काढून टाकली. आता प्रत्येकाला फक्त स्वतःचा कालचा आणि आजचा फरक दिसतो. आणि ज्यांना वाचणे जड जाते त्यांच्यासाठी नावे आवाजात ऐकू येतात. ते आवाजही वस्तीतलेच आहेत.

सगळ्यात महत्त्वाचे बटण आहे ‘खात्री नाही’. शाळेने आपल्याला शिकवले की उत्तर येत नसेल तरी काहीतरी ठोकून द्या. सापाच्या बाबतीत ठोकून देणे म्हणजे मरण. म्हणून आमच्याकडे चुकीचे उत्तर छातीठोकपणे दिले तर कार्ड पहिल्या खणात जाते. ‘खात्री नाही’ म्हटले तर आहे तिथेच राहते आणि फरकाची खूण समोर येते. सापाच्या प्रत्येक कार्डाखाली एकच ओळ आहे: ओळखा, लांब राहा, पकडू नका, दंश झाला तर थेट सरकारी दवाखाना, मांत्रिक नाही. परवानगीशिवाय साप पकडणे हा कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याआधी तो जिवाशी खेळ आहे. सापासोबत रील काढणाऱ्यांना आमच्याकडे जागा नाही. आणि दुर्मीळ पक्ष्याचे घरटे कुठे आहे हे ॲप विचारत नाही, साठवतही नाही. ती माहिती कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

आता नावांकडे येतो. प्रत्येक कार्डावर प्रमाण मराठी नाव आहे, लॅटिन नाव आहे आणि त्याखाली ‘आमच्याकडे काय म्हणतात’ हा रकाना आहे. त्यात कोणीही नाव आणि तालुका लिहू शकतो. हे काही आमचे नवे शहाणपण नाही. मारुती चितमपल्लींनी जंगलात नोकरी करत असताना लोकांच्या तोंडची नावे टिपली, म्हणून ‘पक्षीकोश’ उभा राहिला. लोकांनी ठेवलेली नावे किती नेमकी असतात पाहा. इंग्रजीत जिला ‘ब्राह्मणी स्टार्लिंग’ म्हणतात, तिला मराठीत भांगपाडी मैना म्हणतात. डोक्यावरच्या काळ्या पिसांमुळे तिने भांग पाडल्यासारखा दिसतो, म्हणून. गांडुळासारख्या दिसणाऱ्या ज्या निरुपद्रवी सापाच्या लॅटिन नावातही ‘ब्राह्मिनस’ घुसला, तो मराठीत नुसता वाळा. साहेबाला जात दिसली, गावाला पाखराचा भांग दिसला. शास्त्रीय दृष्टी कोणाची म्हणायची?

‘ब्राह्मणी घार’ या नावाचे काय करायचे, यावर आमच्यात भांडण झाले. काही जण म्हणाले, काढून टाका. काही जण म्हणाले, उद्या वनविभागाच्या यादीत किंवा परीक्षेत तेच नाव आले तर आपली पोरे अडकतील. शेवटी ठरले की नाव राहील, पण त्याखाली तिच्या जुन्या ‘पॅरिया’ बहिणीची हकीकत लिहिली जाईल. ज्याला नाव शिकायचे त्याला नावामागची व्यवस्थाही कळली पाहिजे. नुसते पुसले तर कोणी पुसले आणि का, हेही पुसले जाते.

हे सगळे शिकून करायचे काय, तर कायद्याने दिलेल्या जागा भरायच्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते. गावातील वनस्पती, प्राणी आणि लोकांचे ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही करणे हे तिचे काम. २००४ च्या केंद्रीय नियमांत या समितीत एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य असावेत असे लिहिले होते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, तेव्हा देशभर घाईघाईने कागद रंगवले गेले. तुमच्या गावची नोंदवही कोणी लिहिली? समितीत तुमच्या वस्तीतले कोण आहे? त्याला आपण सदस्य आहोत हे तरी माहीत आहे का? ग्रामपंचायतीत जा, नोंदवही मागा, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मागा. पण मागताना त्यातले बरोबर काय आणि चूक काय हे ओळखता आले पाहिजे. आरक्षित खुर्चीवर माणूस बसला आणि त्याला बोलायला काही नसले, तर सही त्याची आणि मजकूर दुसऱ्याचा असतो. हा अनुभव आपल्याला राजकारणात पुरेसा आला आहे.

शेवटचा मुद्दा. कोणी म्हणेल, हे सगळे आपल्या परंपरेत कुठे आहे? सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर. पांढरे कबुतर वेगळे आणि गावातले कबुतर वेगळे, इतका बारकावा. ही यादी संस्कृतात नाही, लोकांच्या प्राकृतात आहे, आणि पोथीत दडवलेली नाही, चारचौघांत उभ्या खांबावर कोरलेली आहे. त्या यादीतल्या चक्रवाकालाच पुढे इंग्रजीत ‘ब्राह्मणी डक’ म्हटले गेले. अशोकाने ज्याला लोकांच्या भाषेत नोंदवले, त्यावर जातीचे नाव नंतर चढले. जातिप्रजातींची यादी लोकभाषेत, लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवायची, हे काम दोन हजार वर्षांहून जुने आहे. खांबाच्या जागी आज मोबाइल आहे, इतकेच.

दरवर्षी बुद्ध पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्राच्या जंगलांत पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची गणना होते. चांदणे लख्ख असते म्हणून ती रात्र निवडलेली. अनेक ठिकाणी मचाणावर बसायला आता शुल्क भरावे लागते, आणि मचाण बांधणारे हात रोजंदारीचे असतात. त्या दिवशी आपण विहारात वंदना घेतो, खीर वाटतो, मिरवणूक काढतो. ते केलेच पाहिजे. पण तथागताच्या जन्माच्या त्याच रात्री मचाणावर वहीत नोंद करणारा हात आपल्या पोरीचा का नसावा?

म्हणून प्रत्येक अभ्यास केंद्राला आमचे सांगणे आहे. येत्या महिनाभरात आपल्या वस्तीतल्या पाच म्हाताऱ्या माणसांकडे बसा. साप, पाखरे, मासे यांची त्यांच्या तोंडची नावे त्यांच्याच आवाजात नोंदवा, गाव आणि तालुका लिहा. मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक बुद्धविहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. गावची नोंदवही मागा. आणि ॲप आमचेच वापरा असा आग्रह नाही. स्वतःचे बनवा, आमच्यापेक्षा चांगले बनवा. आम्ही आमच्या कार्डांची फाइल मागेल त्याला फुकट देतो.

आणि परत कधी वर घार दिसली, तर तिला नुसती घार म्हणा.

जय भीम! जय संविधान!